जीवा, जैब, साइन : एका फंक्शनची हकीकत

गेल्या महिन्यात माझी भाची लॅपटॉप घेऊन घरी आली. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. चप्पल काढता काढताच म्हणाली, “मामू, हे चुकीचं उत्तर देतंय. मी नाही चुकले, हेच चुकतंय.”

पडद्यावर ऑक्टेव्ह उघडलेले होते. मॅटलॅब हे महागडे सॉफ्टवेअर ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी जवळपास त्याच भाषेत चालणारे हे फुकट सॉफ्टवेअर. ही भाषा खास गणित करण्यासाठीच बनवलेली आहे. तिने लिहिले होते : साइन(३०). पडद्यावर अर्थातच इंग्रजी अक्षरे होती, मी इथे देवनागरीत लिहितो. दहावीपासून आपल्या सगळ्यांना पाठ असते की साइन ३० म्हणजे ०.५. ऑक्टेव्हने उत्तर दिले होते उणे ०.९८८०.

मी बरीच वर्षे हायस्कूलला गणित शिकवले आहे, त्यामुळे चूक लगेच कळली. या भाषेतले साइन हे फंक्शन कोन अंशांत घेत नाही, रेडियनमध्ये घेते. ३० रेडियन म्हणजे जवळपास १७१९ अंश, वर्तुळाच्या पूर्ण चार फेऱ्या आणि वर २७९ अंश. त्या कोनाचे साइन खरोखरच उणे ०.९८८० येते. अंशांसाठी वेगळे फंक्शन आहे, साइनडी. तिने साइनडी(३०) लिहिले आणि ०.५००० आले. हा १७१९ आकडा वाचकांनी जरा लक्षात ठेवावा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

पण ती खरे तर यासाठी आली नव्हती. कॉलेजच्या ग्रुपवर वाद झाला होता. दहावी-बारावीच्या मुलांच्या सत्कार समारंभात आपल्याकडे दरवर्षी एक भाषण होते. अल्गोरिदम हा शब्द अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, तेव्हा कॉम्प्युटर मुसलमानांची देणगी आहे, असे त्यात सांगितले जाते. हेच वाक्य तिने ग्रुपवर टाकले. त्यावर एकाने लिहिले, “तुमच्या लोकांनी काय शोधलं? सगळं इथूनच तर चोरून नेलं.” त्याखाली हसणारे चेहरे. त्यातले तीनचार रोज तिच्या शेजारी प्रॅक्टिकलला बसणाऱ्यांचे. तिने ग्रुपवर काहीच लिहिले नाही. माझ्याकडे आली ती एक सणसणीत उत्तर लिहून घ्यायला.

मी म्हणालो, बेटा, सणसणीत उत्तर माझ्याजवळ नाही. पण तू आत्ता जी ओळ टाइप केलीस ना, साइन(३०), तिच्यात या सगळ्याचा हिशेब आहे. बस.

वर्तुळातल्या जीवांपासून सुरुवात करावी लागते. ग्रीक ज्योतिषी कोनासमोरची पूर्ण जीवा मोजत. टॉलेमीने दुसऱ्या शतकात अशा जीवांचे सविस्तर कोष्टक दिले. भारतीय ज्योतिषांनी पूर्ण जीवा बाजूला ठेवून अर्धी घेतली, कारण आकडेमोडीत प्रत्यक्ष लागते ती अर्धीच. आर्यभटाने ४९९ मध्ये २४ अर्धज्यांचे कोष्टक दिले. दोन ओळींमधले अंतर २२५ कला, म्हणजे पावणेचार अंश. पद्यात बसावे म्हणून आकडे अक्षरांच्या सांकेतिक लिपीत घातले, आणि तेही ज्या नव्हे, एका ज्येपासून पुढच्या ज्येपर्यंतचा फरक. वाचणाऱ्याने बेरीज करत जायचे. संगणकाची जागा वाचवणारे लोक आजही हीच युक्ती वापरतात.

त्याने त्रिज्या घेतली ३४३८. एवढी अडनिडी का? वर्तुळाच्या घेरात ३६० अंश, प्रत्येक अंशात ६० कला, एकूण २१,६०० कला. घेर २१,६०० असेल तर त्रिज्या येते ३४३८. म्हणजे कमानीसाठी एक माप आणि सरळ रेषेसाठी दुसरे असे त्याने ठेवले नाही, त्रिज्याही त्याच कलांमध्ये मोजली. रेडियनच्या पोटात हीच कल्पना आहे. रेडियन हा शब्द छापून आला तो १८७३ मध्ये, बेलफास्टच्या एका परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत. आणि आर्यभटाच्या कोष्टकात ३० अंशांची ज्या किती? ३४३८ च्या निम्मी, १७१९. भाचीने चुकून ज्या कोनाचे साइन काढले तो अंशांत तेवढाच. योगायोग नाही हा, दोन्हीकडे एकच भागाकार आहे. तिने वहीच्या कोपऱ्यात करून पाहिला आणि मग जरा नीट ऐकू लागली.

ज्या या शब्दालाच जीवा असेही म्हणत. आठव्या शतकात, खलिफा अल्-मन्सूरच्या काळात, भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ बगदादला पोचले आणि अरबीत उतरले. जीवाचे भाषांतर करण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही, उच्चार तेवढा घेतला : जीबा. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिण्याची रीत नाही, त्यामुळे वाचणाऱ्यासमोर राहिले जीम, ये, बे. जीबा या शब्दाला अरबीत काही अर्थ नाही. ती तीन अक्षरे ‘जैब’ अशी वाचली की मात्र अर्थ लागतो : अंगरख्याच्या गळ्याचा उघडा भाग, गिरेबान, वस्त्राची घडी. आपल्या घरात खिशाला जेब म्हणतात, तो शब्द हाच. अरबी गणितात मग जैबच रूढ झाला. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये जाऊ लागले तेव्हा भाषांतर करणाऱ्याने जैबचा अर्थ पाहिला आणि त्याच अर्थाचा लॅटिन शब्द लिहिला, सायनस. घडी, खोळ, उराशी धरलेले वस्त्र. त्याचे झाले साइन.

धनुष्याची दोरी बगदादेत खिसा झाली, आणि तो खिसा आज जगातल्या प्रत्येक कॅल्क्युलेटरच्या एका बटनावर आहे.

“म्हणजे चुकीचंच वाचलं ना त्यांनी?” भाची म्हणाली. चुकीचे वाचले खरे. म्हणून मी तिला मॅटलॅबमधली एक गंमत सांगितली. आपण वहीत साइन एक्स लिहितो, कंस घालत नाही. बघणाऱ्याला कळते. मॅटलॅबमध्ये कंस न घालता साइन, मध्ये मोकळी जागा आणि एक्स असे लिहिले तर ते चूक दाखवत नाही. शांतपणे उत्तर देते, ०.५८०६. तुमच्या एक्सची किंमत काहीही असो, उत्तर हेच. कारण कंस नसला की ते एक्सला चल मानत नाही, नुसते अक्षर मानते. संगणकाच्या सांकेतिक यादीत लहान एक्सचा क्रमांक १२०, म्हणून १२० रेडियनचे साइन काढून हातावर ठेवते. समोर जे लिहिलेले आहे त्याचा आपल्याला माहीत असलेला अर्थ लावायचा, हे बिचाऱ्या यंत्रानेही केले आणि लॅटिन भाषांतरकारानेही. म्हणूनच या भाषांमध्ये कंस, स्वल्पविराम यांचा एवढा काच असतो. मॅथेमॅटिका या दुसऱ्या सॉफ्टवेअरने तर फंक्शनसाठी साधा कंस नाकारून चौकोनी कंस सक्तीचा केला, कारण साध्या कंसाने गुणाकार म्हणायचा आहे की फंक्शन, असा घोळ होतो.

हे कंस आले कुठून? फंक्शन हा शब्द लायबनिझने १६७३ च्या सुमारास वापरला. अक्षर आणि पुढे कंसात चल, ही पद्धत ऑयलरच्या १७३४ च्या एका लेखात दिसते. त्यानेच १७४८ च्या ग्रंथात साइनला वर्तुळातली रेषा न मानता एका संख्येचे फंक्शन मानले. त्रिज्या १. तुम्ही एक संख्या द्या, तो एक संख्या परत देईल. संगणकाने उचलले ते नेमके हेच. १९५७ मध्ये फोरट्रान आली तेव्हा फंक्शनच्या नावाच्या शेवटी एफ लावावे लागे. साइनएफ. पुढे ते गळून पडले. मॅटलॅब क्लीव्ह मोलर या प्राध्यापकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात तयार केले. आपल्या विद्यार्थ्यांना फोरट्रान लिहायला न लागता मॅट्रिक्सची गणिते करता यावीत, एवढाच हेतू. सुरुवातीच्या त्या मॅटलॅबमध्ये सत्तरएक शब्द आणि फंक्शने होती. आपले एखादे फंक्शन त्यात घालायचे तर मोलरकडून मूळ प्रोग्राम मिळवायचा, फोरट्रानमध्ये लिहायचे आणि सगळे पुन्हा बांधायचे. १९८४ मध्ये कंपनी निघाली. त्या सुमारास जॅक लिटल आणि स्टीव्ह बँगर्ट यांनी ते सी भाषेत नव्याने लिहिले, तेव्हा कुठे कोणालाही फाइलमध्ये स्वतःचे फंक्शन लिहिण्याची सोय झाली. मालकाचे फंक्शन आणि विद्यार्थ्याचे फंक्शन हाक मारताना सारखेच दिसते. नाव, कंस, आत माहिती.

आता अल्-ख्वारिज्मी. त्याचा जन्म ७८० च्या आसपासचा. खलिफा अल्-मामूनच्या काळात, बगदादेत, त्याने अल्-जब्र हे पुस्तक लिहिले. अल्जिब्रा हा शब्द त्या नावातून आला. भाचीला वाटत होते की त्यात समीकरणे असतील. एकही नाही. एक्स नाही, अधिकचे चिन्ह नाही, संख्यासुद्धा शब्दांत. अज्ञात संख्येला तो ‘शय’ म्हणजे वस्तू किंवा ‘जिझ्र’ म्हणजे मूळ म्हणतो आणि पायरी पायरीने सांगत जातो : मुळांची संख्या निम्मी करा, तिला तिनेच गुणा, त्यात अमुक मिळवा, वर्गमूळ काढा. समीकरणांचे सहा प्रकार, प्रत्येकाची कृती, आणि कृती का बरोबर आहे याची आकृती. वारसाहक्काची वाटणी हा त्याच्या पुस्तकाचा मोठा भाग आहे. मुलगे, मुली, विधवा, कर्ज, मृत्युपत्र यांची गणिते. गणित म्हणून आज तो भाग कोणी वाचत नाही, पण आपल्याकडच्या काझींना तो लगेच ओळखीचा वाटेल.

अल्गोरिदम शब्द मात्र या पुस्तकावरून नाही आला. त्याने भारतीय अंकांनी हिशेब करण्यावर दुसरे एक पुस्तक लिहिले. त्याचे लॅटिन अवतारच आज शिल्लक आहेत, आणि लॅटिनमध्ये त्याच्या नावाचे झाले अल्गोरित्मी. म्हणजे ज्या शब्दावरून सत्काराच्या भाषणात छाती फुगवली जाते तो शब्द जन्मला भारतीय अंकपद्धती शिकवणाऱ्या पुस्तकातून. त्याने ती आपली म्हटलेली नाही. पुस्तकाचा विषयच भारतीयांचा हिशेब. अरब आजही स्वतःच्या अंकांना ‘हिंदी’ म्हणतात. चोरलेल्या मालावर मालकाचे नाव बारा शतके मिरवणारा चोर मी अजून पाहिलेला नाही.

पण ‘कॉम्प्युटर आमचा’ हेही खरे नाही, आणि ते मी भाचीला आधी सांगितले. एक्स हा शयवरून आला, असे आपल्याकडे ठासून सांगतात. गोष्ट गोड आहे, तिला लेखी पुरावा नाही. अज्ञातासाठी एक्स, वाय, झेड रूढ केले देकार्तने, १६३७ च्या पुस्तकात. शयची खरी गोष्ट तिच्याहून चांगली आहे आणि ती कोणी सांगत नाही. अंदलूसमध्ये जन्मलेला, पुढे मगरिबमध्ये राहिलेला पंधराव्या शतकातला अल्-कलसादी समीकरणांत खरोखरच अरबी अक्षरे चिन्हांसारखी वापरतो. वर्गमूळासाठी जीम, बरोबरसाठी लाम. ही पद्धत मगरिबमध्ये त्याच्याही आधीपासून होती.

आणि चिन्हांचाच विचार केला तर भास्कराचार्य पुढे होते. बाराव्या शतकात बीजगणितात ते पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणतात, म्हणजे ‘जेवढे तेवढे’. पुढचे अज्ञात रंगांच्या नावाने, कालक, नीलक, पीतक. लिहिताना फक्त पहिले अक्षर : या, का, नी, पी. नुसत्या संख्येला रू, ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक. याला वाक्यरचनेचे नियमच म्हणायचे. भाची म्हणाली, “मामू, आम्ही व्हेरिएबलला नाव देतो तसंच आहे हे.” तसेच आहे. फरक एवढा की मॅटलॅबमध्ये ‘नी’ चालत नाही, नाव इंग्रजी अक्षरांतच हवे.

मग बगदाद-समरकंदवाल्यांनी नुसते वाहून नेले का? एवढ्यासाठी तिला एक फंक्शन लिहायला लावले. ३ अंशांचे साइन भूमितीने काढता येते, १ अंशाचे पट्टी-कंपासाच्या भूमितीने निघत नाही. कोष्टक अचूक हवे तर १ अंश नेमका हवा. समरकंदच्या उलूग बेगच्या वेधशाळेत गियासुद्दीन अल्-काशीने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ही गाठ सोडवली. तीन पट कोनाच्या सूत्रातून घन समीकरण येते. ते त्याने असे फिरवले की अज्ञात दोन्ही बाजूंना राहिले : अज्ञात बरोबर, ३ अंशांचे साइन अधिक अज्ञाताच्या घनाची चौपट, भागिले ३. उजवीकडे अंदाज घाला, डावीकडे सुधारलेला अंदाज येतो. तो पुन्हा उजवीकडे घाला.

भाचीने चार ओळींत लिहिले. पहिला अंदाज ३ अंशांच्या साइनचा एक तृतीयांश, ०.०१७४४५३१८७. एक फेरी, ०.०१७४५२३९७८. दुसरी फेरी, ०.०१७४५२४०६४. मग तिने साइनडी(१) विचारले. दहा दशांश स्थळे तंतोतंत. ती एकदम गप्प झाली. अल्-काशीने हे हाताने केले, ६० च्या पायावर, आणि याहून कितीतरी पुढच्या स्थळांपर्यंत. वर्तुळाच्या घेराचे त्रिज्येशी गुणोत्तर त्याने १४२४ मध्ये १६ दशांश स्थळांच्या बरोबरीने काढले होते. जवळपास त्याच काळात केरळात माधवाच्या परंपरेत साइनची अनंत श्रेणी तयार होत होती. एकीकडे फेऱ्या, एकीकडे श्रेणी. आजचे संगणक दोन्ही तऱ्हेच्या युक्त्या वापरतात.

यावर तिने विचारले ते मला अपेक्षित नव्हते. “आपल्या इथलं कोणी नाही का यात? सगळे बगदादचे, समरकंदचे.”

आम्ही औरंगाबादचे, सरकारी दप्तरी आता छत्रपती संभाजीनगर. मी म्हणालो, उद्या रविवार आहे, मकबऱ्याला जाऊ. शंभर वेळा पाहिलाय, ती म्हणाली. दरवाजा नाही पाहिलास, मी म्हणालो.

बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर दोन नावे कोरलेली आहेत. वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. हा अताउल्लाह रशीदी ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. मकबऱ्याच्या पंचवीसएक वर्षे आधी, १६३४-३५ मध्ये, त्याने एक पुस्तक फारसीत आणून शाहजहानला अर्पण केले होते. ते पुस्तक म्हणजे भास्कराचार्यांचे बीजगणित. लीलावती त्याच्याआधीच, १५८७ मध्ये, अकबराच्या दरबारातल्या फैजीने फारसीत नेली होती. आणि १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेचीने बीजगणित इंग्रजीत आणले ते संस्कृतवरून नव्हे, अताउल्लाहच्या फारसीवरून. संस्कृतवरून केलेला कोलब्रुकचा अनुवाद त्यानंतर चार वर्षांनी आला.

औरंगाबादहून कन्नडचा घाट उतरून गेले की चाळीसगाव, आणि त्याच्याजवळ पाटणे. तिथल्या देवळात १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद. या, का, नी जिथे पोरांना शिकवले जात होते ते पाटणे आणि ते फारसीत नेणाऱ्याचे नाव कोरलेला दरवाजा यांच्यात एका एसटीचा प्रवास आहे.

जाता जाता एक. मराठीत अंकगणिताच्या चार क्रियांची नावे घ्या. बेरीज आणि वजाबाकी फारसी-अरबीतून आलेली, गुणाकार आणि भागाकार संस्कृतातले. पहिलीतल्या पोराला यातले निम्मे कोणाचे हे ठाऊक नसते आणि त्याचे काही अडत नाही.

रविवारी आम्ही गेलो. लोक दरवाजातून आत शिरून थेट कारंज्यांच्या दिशेने फोटो काढायला पळत होते. भाची दरवाजाशीच थांबली. लेख फारसीत, तिला उर्दू वाचता येते, त्यामुळे अडखळत का होईना अताउल्लाह सापडला. हंसपत राय शोधायला तिला जरा वेळ लागला, पण बोट ठेवून दाखवल्याशिवाय ती हलली नाही.

ग्रुपवर तिने पुढे काय लिहिले ते मी विचारले नाही. चार दिवसांनी प्रॅक्टिकलची वही तपासून घ्यायला आली. १ अंशाची फेऱ्यांची पद्धत तिने स्वतःचे फंक्शन म्हणून लिहिली होती, आणि फंक्शनचे नाव ठेवले होते काशी. सरांनी लाल पेनाने विचारले होते, हे काशी म्हणजे बनारस का?